बुडाला भोक असलेली तेरा मडकी

सरकारी नोकराने घरी झाडं लावू नयेत असा नियम कुठेही नाही. मी सेवानियमांचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिलं आहे. पाहायला जरा उशीर झाला, एवढंच. आणि नियम असता, तरी साहेबांनी तो मोडायला मलाच सांगितलं असतं. तेव्हा जे काही झालं त्यात माझा दोष नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या घरात या मताचा मी एकटाच आहे.

साल चोपन्न. मी धुळ्याच्या एका कचेरीत आवक-जावक कारकून. साहेब मुंबईकडचे, स्वभावाने गरीब, पण त्यांना निवडुंगाचा नाद. म्हणजे कुंपणावरचा आपला फड्या निवडुंग नव्हे. त्याचे दूरचे, बारीक चणीचे, जाड पानांचे नातेवाईक. साहेब त्यांना 'सक्युलंट' म्हणत आणि म्हणताना आवाज खाली आणत. बंगलोरहून पाकिटातून बी आलं होतं. ते आधी मी पाकिटातली धूळ समजून झटकणार होतो. दिवाळीत साहेबांनी ते बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात पेरलं आणि डबा माझ्या टेबलामागच्या खिडकीत ठेवला, कारण कचेरीत सकाळचं ऊन तेवढं तिथेच येई. एप्रिलपर्यंत त्यातली तेरा रोपं हरभऱ्याएवढी झाली. सहा महिन्यांत हरभऱ्याएवढी! आमच्या गावी, चोपड्याकडे, सहा महिन्यांत केळीच्या सावलीत माणूस झोपतो. पण साहेब रोज डब्यावर वाकून "वा!" म्हणत, म्हणून मीही म्हणे.

एप्रिलमध्ये साहेब पंधरा दिवसांच्या रजेवर निघाले आणि त्याच वेळी कचेरीला चुना लावायचं निघालं. डबा माझ्या घरच्या खिडकीत हलवायचं ठरलं. त्याची पोच कोणत्या रजिस्टरात घ्यायची यावर हेडक्लार्कनी दीड दिवस घालवला. शेवटी 'डेडस्टॉक'मध्ये 'रोपे, जिवंत, नग १३' अशी नोंद होऊन माझी सही झाली.

जाताना साहेबांनी मला बोलावलं. "जीवराम, डब्यात दाटी झाली आहे. एकेक रोप वेगळ्या कुंडीत हलवा. कुंड्या तीन इंची, मातीच्या, बुडाला भोक असलेल्या. दोन भाग वाळू, एक भाग माती. पाणी पंधरा दिवसांतून एकदा, चमच्याने." मग त्यांनी टेबलावरच्या फायलीवर बोट ठेवलं. "आणि हो, अक्राणी महालात एक कारकून पाठवायचा आहे. नाव मी आल्यावर घालतो."

साहेबांनी या दोन गोष्टींचा संबंध जोडला नाही. तो जोडायला कारकून असतो.

अक्राणी म्हणजे धडगाव, सातपुड्याच्या पोटात. शहाद्याच्या पुढे मोटार जाणार की नाही हे त्या त्या दिवशी ठरायचं. तिथली शाळा सातवीत संपे, आणि आमची कुंदा पुढच्या वर्षी मॅट्रिकला बसणार होती. घरी येऊन मी डबा खिडकीत ठेवला आणि बायकोला, म्हणजे लताबाईला, सगळं सांगितलं. तिने डब्यात डोकावून रोपं मोजली. मग म्हणाली, "ही तेरा जगली तर पोरगी मॅट्रिक होईल. नाहीतर आपण डोंगरात. तुम्ही त्यांना हात धुऊन हात लावत जा."

आता कुंड्या. धुळ्यात तेव्हा कुंडी म्हणजे बंगल्यावरची वस्तू. तीन इंची कुंडी कोणी ऐकलेलीही नव्हती. मी आमच्या झुलाल कुंभाराकडे गेलो. जाण्याआधी, दुर्दैवाने, न्हाव्याकडे गेलो. डोक्याला घामोळं आलं होतं, म्हणून केस बारीक करायला सांगितले. उजवीकडे त्याचं मशीन जरा खोल गेलं. ते बरोबर करताना डावीकडे गेलं. मग दोघांच्या संमतीने त्याने वस्तरा काढला. मिशी मला मुळातच नव्हती; तीस वर्षं प्रयत्न करूनही ती आलेली नाही, हा विषय मी इथे वाढवत नाही.

आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, दहा दिवसांवर होती. आखाजीला घरोघर पितरांच्या नावाने पाण्याची घागर पुजतात, त्यामुळे झुलालच्या अंगणात घागरी आणि त्यांवर ठेवायची लहान मडकी यांची रास लागली होती.

"झुलालभाऊ, अशी लहान मडकी हवीत. पण बुडाला भोक असलेली."

झुलालचा हात चाकावर थांबला. त्याने माझ्या डोक्याकडे पाहिलं. "बूडले भोक पाडेल मडकं आम्ही घडत नही, भाऊ. भोक मसनमा पाडतस. तेबी ज्याना त्याना हाते."

हे मलाही ठाऊक होतं. चितेभोवती फिरताना खांद्यावरच्या मडक्याला दगडाने भोक पाडतात, हे कोणाला ठाऊक नाही? पण मी मॅट्रिक पास आहे. म्हटलं, "ते सोड. साधी दे. भोकं मी घरी पाडीन."

"किती?"

"तेरा."

झुलाल उठला. एकेक मडकं वाजवून बघत त्याने तेरा निवडली, गवतात बांधली आणि दोन्ही हातांनी माझ्या पुढे धरली. घासाघीस केली नाही. खरं तर झुलालने घासाघीस केली नाही तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मला वाटलं, सरकारी माणसाचा मान आहे.

वाळूसाठी पांझरेच्या पात्रात गेलो. पिशवीत दोन शेर वाळू भरून येताना नाक्यावरच्या माणसाने अडवलं. वाळू कशाला, बांधकाम कुठे, परवाना आहे का? मी सांगितलं की बांधकाम नाही, तेरा मडक्यांत थोडी थोडी घालायची आहे. त्याने तोंडातली विडी काढून टाकली, माझं डोकं पाहिलं आणि हात जोडून बाजूला झाला. नाक्यावर हात जोडलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. घरी आल्यावर लताबाईला म्हणालो, "बघ, लोकांत आपल्याबद्दल काय आदर आहे." ती म्हणाली, "डोकं झाका आधी."

दुसऱ्या दिवशी मी 'घरगुती कारणास्तव' म्हणून पाच दिवसांची रजा टाकली. 'रोपे हलविणे' असं लिहिलं असतं तर ते कोणत्या सदरात बसवायचं म्हणून हेडक्लार्क आजारी पडले असते. पहाटे उजाडता उजाडता, ऊन चढायच्या आत काम उरकावं म्हणून, मी डोक्यावरून दोन बादल्या ओतून घेतल्या, ओल्या पंच्यानेच ओट्यावर बसलो, मडकी ओळीने उपडी मांडली आणि एक टोकदार दगड घेऊन भोकं पाडू लागलो. उपड्या मडक्याला भोक पाडणं हे दिसतं तितकं सोपं नाही. जोर कमी पडला तर दगड घसरतो, जास्त झाला तर हातात खापऱ्या. दोन मडकी फुटली. तसाच उठून झुलालकडे गेलो.

"अजून दोन दे."

"आखीन दोन?" असं म्हणून झुलाल खालीच बसला. त्याच्या बायकोने आतून दोन मडकी आणून दिली आणि पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, भट्टीचा धूर असेल.

मी परत आलो तेव्हा समोरच्या ओट्यावर भटू आबा उभे होते. भटू आबा म्हणजे निवृत्त तलाठी. गल्लीतल्या प्रत्येक घरातलं जन्ममरण पूर्वी त्यांनी दप्तरात घेतलेलं, आणि दप्तर गेलं तरी सवय गेलेली नव्हती.  गोटा केलेलं डोकं, ओला पंचा, हातात दगड, समोर तेरा मडकी, हे सगळं त्यांनी ओळीने पाहिलं आणि चप्पल न घालताच कुठेतरी निघून गेले.

मी कामाला लागलो. कुंदाच्या पायातले काटे काढायच्या चिमट्याने एकेक रोप उचलायचं, मुळं तुटू द्यायची नाहीत, वाळूत बोटाने खळगा करायचा, रोप उभं धरून बाजूने वाळू लोटायची. तेरावं रोप लावेपर्यंत मानेचा काटा ढिला झाला. पण तेरा मडकी खिडकीत ओळीने लागली तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला साहेबांपेक्षाही मोठ्याने "वा!" म्हणावंसं वाटलं.

नऊच्या सुमारास माणसं यायला लागली. आधी भटू आबा, मग तोताराम नाना, मग शेजारच्या पुष्पाबाई आणि आणखी चार बायका. मी "या, बसा" म्हटलं तर कोणी उत्तर दिलं नाही. सगळे येऊन सतरंजीवर खाली मान घालून बसले. मला वाटलं, रोपांची बातमी गेली. इतक्या लोकांना साहेबांच्या झाडांची आस्था असेल अशी कल्पना नव्हती. मी चहा विचारला. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

तोताराम नाना रावेरकडचे केळीवाले. जावयाकडे महिन्याभरासाठी म्हणून आले त्याला तीन वर्षं झाली होती. त्यांनी उठून मडक्यांत बोट घालून पाहिलं आणि कळवळून म्हणाले, "अरे, कोरडी ठणठणीत!"

"पंधरा दिवसांतून एकदाच पाणी द्यायचं असतं, नाना. चमच्याने."

"चैत्राच्या उन्हात? धुळ्यात? पंधरा दिवसांनी?" नानांनी भटू आबांकडे पाहिलं. आबांनी 'असू दे, डोक्यावर परिणाम झाला आहे' अशी मान हलवली. मग पुष्पाबाई उठल्या, आमच्याच माठातून तांब्या भरला आणि तेराही मडक्यांत थोडं थोडं पाणी ओतून हात जोडले. त्यांच्यामागून दुसरी उठली. मग तिसरी. मी "अहो! अहो!" करीत आडवा गेलो, तर आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. "देऊ दे, जीवराम. त्यांनाही वाटतं."

माणसं गेली तीही 'येतो' न म्हणता. दुपारी पुष्पाबाई पिठलं-भाकरी घेऊन आल्या तेव्हा उलगडा झाला. "तीन दिवस चूल पेटवू नका लताबाई, आम्ही आहोत," असं म्हणून त्यांनी लताबाईच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. "काय माऊली होती हो तुमची सासू!"

गल्लीचा हिशेब सरळ होता. गोटा आईबापासाठी करतात, आणि वडील तर आधीच गेलेले. माझी आई चोपड्याला वारली. सरकारने मला चोपड्याला जाऊन तेरावं करण्याएवढी रजा दिली नाही. म्हणून मी बापडा घरच्या घरी, आपल्या हाताने, तेराव्यापर्यंतचं सगळं एका सकाळीत उरकत होतो.

मी तसाच धावत भटू आबांकडे गेलो. "आबा, माझी आई जिवंत आहे!"

आबांनी डोळे मिटले. "आई कधी मरत नसते, जीवराम."

"तसं नव्हे हो. खरोखर जिवंत आहे. खाते, पिते."

"मन मोकळं कर. रड."

"रडू कशाला? अहो, तिला काही झालेलंच नाही!"

"कधी पाहिलं होतंस तिला?"

"पोळ्याला."

"मागच्या पोळ्याला?"

मी बोटांवर मोजलं. "त्याच्या मागच्या."

"पत्र?"

"दिवाळीत आलं होतं. आमचा थोरला भाऊ, वनादादा, लिहितो."

आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.  आई जिवंत आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. पण कोणत्या तारखेपर्यंतचं ठाऊक होतं, असं कोणी विचारलं तर माझ्याकडे कागद नव्हता. चोपडा काही विलायतेत नाही. सकाळची मोटार धरली तर माणूस दुपारी जेवायला पोहोचतो. त्या रात्रीचं पिठलं मी तसंच झाकून ठेवलं.

पुढचे तीन दिवस दुःख वाढत गेलं. माझं नव्हे, गल्लीचं. मी जितकं नाकारीन तितकी माणसं जास्त हळवी होत. येणारा प्रत्येक जण मडक्यांत पाणी घाले. मी मडकी आतल्या खोलीत नेली तर बायका आतल्या खोलीत आल्या. माळ्यावर ठेवली तर तोताराम नाना शिडी घेऊन आले. त्यांनी पाण्याबरोबर शेंगदाण्याच्या पेंडीचा चुराही घातला, कारण रावेरकडे ढेप घातल्याशिवाय काही जगतच नाही. दुसऱ्या दिवशी एक रोप पिवळं पडलं. तिसऱ्या दिवशी चार रोपं हाताला लागली ती उकडलेल्या बटाट्यासारखी.  कुंदाने पुस्तकं आवरून ट्रंकेत भरायला घेतली, आणि ते मला कोणाच्याही बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

इकडे भटू आबांनी आणखी एक पुण्यकर्म केलं होतं. धाकट्या भावाला वेळेवर कळवलं नाही म्हणून आमच्या वनादादाची कानउघाडणी करणारं कार्ड त्यांनी चोपड्याला टाकलं, आणि विषय मयताचा म्हणून रीतीप्रमाणे त्याचा कोपरा फाडला. कोपरा फाटलेलं कार्ड आपल्याकडे कोणी वाचत बसत नाही. पोस्टमनने ते दिलं तेव्हा वनादादा शेतावर होता. आईला वाचता येत नाही. पण कोपरा दिसतो, आणि शिक्का धुळ्याचा आहे एवढं पोस्टमनने सांगितलं. धुळ्यात तिचं म्हणून कोण होतं? तिने चुलीवरचं तसंच टाकलं आणि मोटार धरली.

चौथ्या दिवशी, भर बाराच्या उन्हात, गल्लीच्या तोंडाला टांगा थांबला आणि टाहो ऐकू आला, "जीवा रे! मन्हा जीवा!"

नळावर पुष्पाबाई होत्या. त्यांनी आईला दोन वर्षांपूर्वी पाहिलं होतं. त्यांच्या हातून कळशी सुटली आणि त्या घरात जाऊन कडी लावून बसल्या. भटू आबा ओट्यावरून उठले ते भिंतीला टेकले. आई कोणाकडे न बघता ऊर बडवत दारात आली. मी समोरच बसलो होतो, पंचा नेसून, चिमट्याने मऊ पडलेलं नववं रोप काढत.

ती थांबली. जवळ येऊन माझ्या तोंडावरून हात फिरवला, मग खांद्यावरून, मग डोक्यावरून. डोक्यावर हात आला तेव्हा तिला ते लक्षात आलं. तिने काडकन माझ्या थोबाडीत लगावली. "मी जित्ती असताना गोटा कराले तुले लाज नही वाटनी?"

मग तिथेच बसून ती रडली. तसं रडणं मी वडील गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. मीही रडलो. भटू आबा खिडकीतून म्हणाले, "हां, आता मोकळा झाला."

पाणी प्यायल्यावर तिने सगळं ऐकून घेतलं. राग आला नाही. फक्त विचारलं, "कोन कोन रडनं?" लताबाईने नावं सांगितली. "पुष्पाबाईबी? तीन दिन?" आईच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आनि तू?"

मला उत्तर द्यावं लागलं नाही. कारण तेवढ्यात कुंदा धावत आली, "साहेब येताहेत!"

साहेब त्याच सकाळी रजेवरून हजर झाले होते. कचेरीत त्यांना कळलं की जीवरामची आई गेली, आणि पुरेशा रजेअभावी त्याने क्रिया ओट्यावर केली. साहेब गरीब स्वभावाचे, सांगितलंच. त्यांचं काळीज हललं आणि ते तसेच निघाले.

लताबाईने एका श्वासात विचार केला. असा विचार कचेरीत कोणाला करता येत नाही. ती आईला म्हणाली, "आत्याबाई, साहेबांना वाईट वाटतंय. या घरात मयत झालेलं असेल तर ते आपलं नाव घालणार नाहीत. कुंदाची मॅट्रिक आहे. जरा आत बसता?"

आईने कुंदाकडे पाहिलं. "अर्धा तास मरानं शे ना? नातकरता मी मरस. माले तंबाखू दे." आणि ती स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकली.

साहेब आले. बूट बाहेर काढून सतरंजीवर बसले.  मग म्हणाले, "जीवराम, फार वाईट झालं. मी असतो तर तेरा दिवसांची रजा दिली असती. ती अक्राणीची फाईल... ते मनातून काढून टाका."

लताबाईने भिंतीला हात टेकला. कुंदाने ट्रंकेकडे पाहिलं. मी खाली मान घातली. एवढ्यावर थांबलं असतं तर आज मी सुखी माणूस असतो.

पण मडकी मी माळ्यावरून पुन्हा खिडकीत आणली होती, आणि साहेबांची नजर तिकडे गेली. "तेरा होती ना?"

"चार आहेत, साहेब."

साहेब उठले. एकेक मडकं उचलून पाहिलं. मडक्याच्या बुडातून पाणी ठिबकून त्यांच्या पँटवर पडलं. त्यांचा खालचा ओठ हलला. तरी ते मोठ्या मनाचे, परत येऊन बसले आणि विषय बदलावा म्हणून म्हणाले, "आईंचं वय काय होतं?"

"अठ्ठ्याहत्तर," मी म्हणालो. घाबरलेला माणूस तोंडाला येईल तो आकडा सांगतो.

आत बांगड्या वाजल्या.

"शेवटी काही बोलल्या का?"

 काय सांगणार? दोन वर्षांत ती काय बोलली याचीच मला माहिती नव्हती.

"बोलनी ना!" आतून आवाज आला आणि मागोमाग आई आली. पदर नीट केला, साहेबांच्या समोर बसली. "मीच ती, साहेब. अठ्ठ्याहत्तर नही, बासष्ट. याले कोठे धाडनं शे तठे धाडा, सरकारनं काम शे. पन पहिले याले आठ दिननी रजा द्या. दोन वरीस व्हयनात, घर उना नही. माले वाटनं, हाऊ मरना. मोटारमा मी याले चार घंटा रडनू."

खिडकीत मडक्यांतलं पाणी ठिबकत होतं. मी डोळे मिटून घेतले.

साहेबांनी आईला नमस्कार केला. मग माझ्याकडे वळले. "जीवराम, आई गेली असं मला वाटू दिलंत, ते मी एक वेळ समजू शकतो. माणसाला भीती असते." त्यांचा आवाज पहिल्यांदाच कापला. "पण रोज पाणी? आणि ही ढेप?"

मला आठ दिवसांची रजा मिळाली. रजेच्या मंजुरीबरोबरच बदलीचा हुकूमही मिळाला. रजिस्टरात 'रोपे, जिवंत, नग १३' याच्यासमोर 'नग ९ मयत' असा शेरा पडला, आणि उरलेली चार साहेबांनी माझ्या हवाली केली. त्यांना ती बघवत नव्हती. रिकामी नऊ मडकी आईने मागून घेतली. "भोक शे ते बरं शे, मिरची लावसू," म्हणाली.

कुंदाची ट्रंक मात्र धडगावला गेली नाही. "तठे कसाले? चोपडाले मोठी शाळा शे. नातले मी लई जासू," असं म्हणून आईने ती टांग्यात चढवली सुद्धा. आठ दिवस आम्ही सगळे चोपड्याला राहिलो, आखाजीची घागर पुजली आणि जूनमध्ये मी आणि लताबाई डोंगरात गेलो. निघताना मी आईला वचन दिलं की दर दोन महिन्यांनी येईन.

ते वचन मी मनापासून दिलं होतं, हे नोंदवून ठेवतो. पण धडगावला पावसाळ्यात रस्ता वाहून जाई, हिवाळ्यात तपासणी येई, आणि उन्हाळ्यात हेडक्लार्क रजेवर जात. एकदा दिवाळीला गेलो. चार रोपं माझ्या खिडकीत होती. पंधरा दिवसांतून एकदा चमच्याने पाणी देई. ते मात्र कधी चुकलं नाही.

पुढच्या जूनमध्ये टपाल आणणारा भुरा दारात आला. कार्ड त्याने हातात दिलं नाही. उंबऱ्यावर ठेवलं आणि खाली बघत उभा राहिला. कार्डाचा कोपरा फाटलेला होता. शिक्का चोपड्याचा.

मी ते वाचलं नाही. खिशात घातलं आणि आम्ही दोघं निघालो. शहाद्यापर्यंत कोळशाच्या ट्रकमध्ये, पुढे शिरपूरपर्यंत मोटारीच्या दारात उभं राहून, पुढे चोपडा. लताबाई शेजारी रडत होती. मी रडत नव्हतो. मी दिवाळीनंतरचे महिने मोजत होतो, आणि प्रत्येक वेळी ते सातच भरत होते.

घरी पोहोचलो तेव्हा ऊन कललं होतं. आई ओट्यावर बसली होती. भोवती भोकाची नऊ मडकी, त्यांत हातभर वाढलेली मिरची. तिच्या मांडीवर आंब्यांची टोपली होती आणि एकेक आंबा ती पिळून मऊ करत होती. माझ्याकडे पाहून तिने फक्त सरकून जागा केली.

मी पायरीवरच बसलो. "आई, अगं, असा कोपरा फाडतात का? अभद्र असतं ते!"

"मी तं मांगेच मरेल शे, साहेबले इचार. एकदाव मरेल मानूसले कसानं भ्याव?" तिने आंबा माझ्या हातात दिला. "कोपरा फाडाशिवाय तू येस का?"

कुंदा दारात उभी होती, हसावं की रडावं हे न कळून. "बाबा, तुम्ही कार्ड वाचलं नाही का?"

मी खिशातून कार्ड काढलं. घामाने भिजलं होतं, पण अक्षर लागत होतं. अक्षर कुंदाचं, सांगणं आईचं. 'कुंदा मॅट्रिक पास झाली. आंबे उतरले आहेत. ये.'